खालची अडतीस नावं

वडपाडा, ता. तलासरी
५ नोव्हेंबर २०२४

मावशी,

पत्र बघून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. दवाखान्यात रेंज नाही आणि टेकडीवर चढून फोन केला की तू बोलतेस, मी 'हो हो' करते आणि जे सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून लिहिते. लसीच्या गाडीवरचा ड्रायव्हर उमेश रोज डहाणूहून येऊन-जाऊन असतो, तो आगरला तुझ्या घरी पोचवेल.

डॉक्टरकीच्या पुढच्या शिक्षणाच्या प्रवेशाची यादी भरायची वेळ आली आहे. तुला थोडक्यात सांगते. आपल्याला हवं ते कॉलेज आणि हवी ती शाखा, क्रमाने लिहीत जायचं. संगणक वरून खाली बघत येतो आणि आपल्या क्रमांकाला परवडणारी पहिली जागा देतो. कितीही नावं लिहिता येतात. माझ्याबरोबरच्या पोरांनी दोनदोनशे लिहिली आहेत. आसामपासून केरळपर्यंत, आणि शाखाही मिळेल ती. डोळ्यांची, हाडांची, प्रेतं फाडायची, काहीही.

मी तीन लिहिणार आहे. तिन्ही मुंबईतली, तिन्ही स्त्रीरोग आणि प्रसूतीची. बाबांना विचारलं तर ते भाताच्या भाऱ्यावर बसून म्हणाले, "दहा दारांत मागणी घालणाऱ्याला कोण पोर देतं? एका दारात जावं, ताडी ठेवावी, हो-नाय ऐकावं, मंग दुसरं दार." त्यांचं म्हणणं मला पटलं. एक ना धड भाराभर चिंध्या कशाला?

तुझ्याकडे एक काम आहे. अर्ज भरताना आपण सरावलीला नविनच्या ऑनलाइन अर्जांच्या दुकानात गेलो होतो आणि इथे रेंज नाही म्हणून तुझाच फोन नंबर दिला होता, आठवतं ना? यादी उघडायची तर तुझ्या फोनवर आकडे येतील. पंधरा तारखेला मी तलासरीला जाईन, तिथून फोन करेन, तू आकडे वाचून दाखव. सतरा तारखेला यादी आपोआप बंद होते, तोवर बदलता येते.

दिवाळीला आले नाही म्हणून रागावली असशील. ड्युटी होती.

दक्षा


आगर, डहाणू
८ नोव्हेंबर २०२४

चि. दक्षा,

पत्र मिळालं. उमेश दारात उभा राहून चहा प्यायला आणि तुझी तारीफ करून गेला, म्हणून तुझ्यावरचा राग अर्धा झाला. उरलेला अर्धा आता काढते.

तीन? अगं बाई, भाजी घ्यायला गेले तरी मी पाच टोपल्या बघते. सुकऱ्या भाऊजींचं काय सांगतेस? ते एका दारात गेले, ताडी ठेवली आणि माझी बहीण घेऊन आले, म्हणून त्यांना वाटतं जग असंच चालतं. तो संगणक काय कुणाचा बाप आहे, की दुसऱ्या दारात गेलीस म्हणून त्याचा अपमान होईल? वरचं नाव मिळालं नाही तरच तो खालचं बघतो, हे तूच लिहिलं आहेस. मग खाली नावं असली तर वरच्याचं काय बिघडतं? मी नर्स होते, डॉक्टर नव्हते, पण एवढं मलाही कळतं.

इथे आमच्या शेजारचा चिकूवाला बघ. सगळा माल एकाच व्यापाऱ्याला घालत नाही. थोडा मुंबई, थोडा सुरत, थोडा अमदाबाद. एकाने पाडलं तरी दुसरा उचलतो. आणि तू सहा वर्षं अभ्यास केलेली पोरगी तीन नावांवर सगळं लावून बसलीस!

खरं काय ते सांग. बाबांना सोडून लांब जायचं नाही, असं आहे का? तसं असेल तर मी बसलेय ना. त्यांना आणीन इथे, समुद्राची हवा खातील, बोंबील खातील. नको म्हणाले तर मी तिकडे जाईन. का कुणी मुलगा आहे मुंबईत? असेल तर मी ओरडणार नाही, फक्त नाव सांग आणि घरचे काय करतात ते सांग.

आई गेली तेव्हा तू दुसरीत होतीस. माझ्याकडे राहून, माझ्या पदराला धरून शाळेत जायचीस. बाईंनी विचारलं मोठी होऊन काय होणार, तर म्हणालीस, "मावशीसारखी बाळं काढणार." अख्खा वर्ग हसला, मी पण हसले. आता बाळं काढणाऱ्या डॉक्टर होण्याची वेळ आली तर तू तीन नावं लिहून गप्प बसणार?

शंभर लिही. आकडे मी वाचून दाखवीन.

तुझी मावशी, पुष्पा


वडपाडा
११ नोव्हेंबर २०२४

मावशी,

कुणी मुलगा नाही. असता तर तुला उमेशकडून माझ्याआधी कळलं असतं.

तू लिहिलंस ते सगळं बरोबर आहे आणि तरी मी तीनच भरणार. लांब गेले तर भाषा वेगळी, माणसं वेगळी. कळा देणाऱ्या बाईशी तिच्या भाषेत बोलता आलं नाही तर काय उपयोग? आणि दुसरी शाखा मला नको. मग राहिलं काय? मुंबई. गेल्या वर्षी त्या तीन ठिकाणी माझ्यापेक्षा बऱ्याच वरच्या क्रमांकांवर जागा संपल्या, हे मला माहीत आहे. नाही मिळालं तर पुढच्या वर्षी परत परीक्षा देईन. सगळेच देतात.

इथे सध्या मतदानाची धावपळ आहे. निम्मे कर्मचारी त्या कामाला गेलेत. मी सकाळची ओपीडी बघते, ताप, खोकला, विंचू. बाळंतपणाची खोली संगीता सिस्टर सांभाळते. ती हुशार आहे, तिला माझी फारशी गरज पडत नाही.

तू वर्गातली गोष्ट लिहिलीस, ती वाचून मला बरं नाही वाटलं. तू तेवीस वर्षांची असताना डोंगरातल्या उपकेंद्रात एकटी कंदिलावर बाळंतपणं करायचीस. मी अठ्ठावीसची आहे, माझ्याकडे लाईट आहे, औषधं आहेत, गाडी आहे. मी तुझ्यासारखी नाही, एवढंच. आता ह्यावर वाद घालू नकोस.

शुक्रवारी फोन करते.

दक्षा


आगर
१८ नोव्हेंबर २०२४

चि. दक्षा,

शुक्रवारी मी आकडे वाचले, तू 'झालं' म्हणालीस आणि फोन ठेवलास. जेवलीस का तेही विचारू दिलं नाहीस.

काल सरावलीला नविनकडे गेले होते. नोव्हेंबर म्हणजे आम्हा पेन्शनवाल्यांना जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. त्याच्या मशीनवर माझा अंगठा उमटेना. भांडी घासून रेघा गेल्या म्हणे. दोन-अडीच तास बसावं लागलं, पण काम झालं.

दुसरी गोष्ट. डहाणूच्या बाजारात तुमच्या पाड्यातली आशा सेविका भिकी भेटली, सुकट घेत होती. मी सहज म्हटलं, आमची दक्षा बाळंतपणाच्या खोलीत जात नाही म्हणते, एवढं काय काम असतं तिला? तर ती सुकट निवडायची थांबली. म्हणाली, "मावशे, तुला नाय सांगितलं? कमळी गेली तवापासून डॉक्टरीन त्या खोलीचा उंबरा नाय ओलांडत."

कमळी कोण, हे मी तिला विचारलं नाही. मी तुला विचारते आहे.

मला वाटलं तुला गर्व झाला आहे, मुंबईच पाहिजे म्हणून. मग वाटलं बाबांची काळजी. मागच्या पत्रात मी तुला किती काय बोलले. तू एक शब्द कळू दिला नाहीस. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे बाहेरच्यांसाठी असतं गं. माझ्यापुढे मूठ कशाला?

लिही. कसंही लिही.

मावशी


वडपाडा
२२ नोव्हेंबर २०२४

मावशी,

काल तलासरीला जाऊन निकाल बघितला. तीनपैकी एकही नाही, हे मला आधीच माहीत होतं. पण खाली लिहिलं होतं: बडोदा, स्त्रीरोग आणि प्रसूती, पसंतीक्रम नऊ.

माझ्या यादीत नऊ नावं नव्हतीच. मग यादी उघडायला गेले तर तुझ्या फोनवर आकडे जाणार, आणि मग कळलं. हयातीचा दाखला! म्हणून नविनकडे अडीच तास.

तू माझ्या नावाने यादी भरलीस. नविनच्या वहीत लिहिलेला माझा पासवर्ड वापरून, तुझ्या फोनवरचे आकडे घालून, त्या नविनला शेजारी बसवून. किती लिहिलीस? मला तुझा भयंकर राग आलाय. मी लहान नाही, तुझ्या पदराला धरून चालत नाही.

कमळी कोण, विचारलंस. आता ऐक.

कमळी म्हणजे लाहूची बायको, बावीस वर्षांची, दुसरं बाळंतपण. सव्वीस सप्टेंबर. बाळ नीट झालं, मुलगा. त्यानंतर रक्त थांबेना. इंजेक्शन दिलं, पोट चोळलं, जे शिकवलंय ते सगळं केलं. तेव्हाच तिला गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात पाठवायला हवं होतं. गाडी दारात होती, उमेश गाडीत बसून होता. मी पाठवलं नाही.

का, ते सांगते. त्याच्या आठवडाभर आधी मी एका बाईला घाबरून डहाणूला पाठवलं होतं. ती तिथे पोचून तासाभरात सरळ मोकळी झाली. नातेवाईकांची दोन दिवसांची मजुरी बुडाली, परत यायला त्यांनी जीप केली. पाड्यावर सगळे हसायला लागले. नळावर मी ऐकलं, "आपली डॉक्टरीन पोट बघितलं की गाडी बोलावते." मला ते लागलं. मग कमळीच्या वेळी मी म्हटलं, थांबेल, अजून दहा मिनिटं. मग अजून दहा. पन्नास मिनिटं मी थांबले, मावशी. घड्याळ समोर भिंतीवर होतं. शेवटी तिला गाडीत घातलं, गाडी नाक्यापर्यंत गेली आणि कमळी गेली.

कागदावर सगळं बरोबर आहे. चौकशी झाली, 'प्रयत्न केले' असं लिहिलं. पन्नास मिनिटांचं कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

म्हणून तीन नावं. जिथे लागणारच नाही अशी तीन. मी प्रसूतीची शाखा सोडली असती तर तू विचारलं असतंस, बाबांनी विचारलं असतं, का? नुसतं नंबर नाही लागला म्हटलं की कुणी काही विचारत नाही. पुढच्या वर्षी परत तीन भरली असती, आणि मग हळूच त्वचेच्या शाखेकडे वळले असते.

तू ते पण मला करू दिलं नाहीस.

सत्तावीसपर्यंत बडोद्याला हजर व्हायचं आहे. पहिल्या फेरीत नाही गेलं तर दंड नाही, नुसती जागा जाते. मी जाणार नाही.

दक्षा


आगर
२३ नोव्हेंबर २०२४

दक्षा,

हे पत्र मी उमेशच्या हातात सकाळीच देते आहे आणि त्याला सांगितलंय, वाटेत कुठेही थांबायचं नाही.

भरली. मी भरली. तुझी तीन वर तशीच ठेवली, त्यांना हात लावला नाही. खाली अडतीस घातली. नविन विचारत होता, मावशी, कोणत्या क्रमाने? मला त्या कॉलेजांतलं काय कळतंय! मी म्हटलं, डहाणू रोडला थांबणारी गाडी जिथे सरळ जाते ती आधी घाल, जिथे गाडी बदलावी लागते ती नंतर. म्हणून सुरत, बडोदा, अमदाबाद वर आले. शाखा मात्र एकच ठेवली, प्रसूतीची. तुला गुजराती तर बाजारात फिरून फिरूनच येतं. निकालाचा मेसेज माझ्या फोनवर आधी आला होता. तुला कळवायची हिंमत झाली नाही.

चोरी केली, कबूल आहे. तुझी माफी मागते. पण उद्या परत वेळ आली तर परत करीन, हेही खोटं सांगत नाही.

आता माझं ऐक. हे मी तुझ्या काकांनाही कधी सांगितलं नाही, ते तसेच गेले.

तू लिहिलंस, मी तेवीस वर्षांची असताना कंदिलावर बाळंतपणं करायचे. केली. दीड वर्ष. मग एका बाईच्या बाळाचा हात आधी बाहेर आला. मला कळत होतं की हे माझ्या हातचं नाही. पण तिच्या सासूने माझे पाय धरले, 'ताई, तूच कर', आणि मला वाटलं, मी करीन. दोघं गेली, आई आणि बाळ. झोळीत घालून नेताना माणसं पुढे चालत होती आणि मी मागे चालत होते, आणि त्यांच्यातलं कुणी मागे वळून बघत नव्हतं.

महिनाभरात मी बदली मागितली. सगळ्यांना सांगितलं, नवऱ्याला समुद्राची हवा मानवते. डहाणूला लसीच्या कोठीत जागा मिळाली. त्यानंतर एकतीस वर्षं मी बर्फाचे डबे भरले, बाटल्या मोजल्या, वहीत तापमान लिहिलं. एकही बाळंतपण केलं नाही. निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ देताना साहेब म्हणाले, 'हजारो माता सोडवणाऱ्या पुष्पाताई.' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नारळ घेतला आणि खाली बसले. तू समोर होतीस, बारावीत, तू सगळ्यांत जास्त टाळ्या वाजवल्यास.

तुला शाळेत घेऊन जाताना मी त्या वर्गात का हसले माहीत आहे? तू म्हणालीस 'मावशीसारखी' आणि मला रडू येत होतं, म्हणून.

मी पळाले तेव्हा मला कुणी अडवलं नाही. सगळे चांगलेच होते गं, सगळ्यांनी माझं ऐकलं. त्या डोंगरात माझ्यानंतर दोन वर्षं कुणी आलं नाही. तिथे काय झालं, ते मी कधी विचारलं नाही.

जायचं की नाही ते आता तू ठरव. ह्यापुढे मी तुझ्या कशालाही हात लावणार नाही.

पुष्पा मावशी


वडपाडा
२५ नोव्हेंबर २०२४

मावशी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. जे झालं ते सांगते.

काल रविवार होता. मी लाहूच्या घरी गेले. दोन महिन्यांत पहिल्यांदा. लाहू कुडाच्या भिंतीला शेण सारवत होता, त्याची आई जिवलीकाकू कमळीचं बाळ मांडीवर घेऊन बसली होती. पोरगा गुटगुटीत आहे, मला बघून हसला. मी ओट्यावर बसले आणि सगळं सांगितलं. पन्नास मिनिटं सांगितली. गाडी दारात होती ते सांगितलं. नळावरचं हसणंसुद्धा सांगितलं, ते सांगताना लाज वाटली.

लाहू उठला आणि मागच्या दाराने निघून गेला. तो शेवटपर्यंत परत आला नाही. मला वाटलं होतं तो शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

जिवलीकाकूने बाळाची टाळू चोळली. मग म्हणाली, "रगत थांबवाचं कुठं शिकवतात काय?"

मी म्हटलं, शिकवतात. बडोद्याला मला जागा मिळाली आहे.

"मंग अठं कशाला बसलीस?"

ती रागाने नाही बोलली. गाय शेतात शिरली तर आपण शेजाऱ्याला सांगतो ना, तसं बोलली. मी म्हटलं, मला भीती वाटते. ती म्हणाली, "कमळीला पण वाटत होती. तिनं कोणाला सांगावं?"

मी जाते आहे, मावशी. सकाळी कार्यालयातून कार्यमुक्तीचं पत्र आणलं. माझ्या जागी कोण येणार, कधी येणार, ते कुणी सांगत नाही. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "दार उघडलंय तर जा." उद्या संजाणहून गाडी धरते, डहाणूला येत नाही. तुला आत्ता भेटले तर भांडेन नाहीतर रडेन, आणि गाडी चुकेल.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. अडतीस नावं भरलीस हे बरं केलंस असं मी कधीतरी म्हणेन, आत्ता म्हणणार नाही.

पण एक राहिलं. मी निघाले तेव्हा आतून लाहूची बहीण सुषमा बाहेर आली. सातवा महिना. जिवलीकाकूने तिच्याकडे बोट दाखवलं, म्हणाली, "हिचं पुसात हाय. तवर शिकून येशील ना?"

मी म्हटलं, नाही काकू. तीन वर्षं लागतात.

ती सुषमाच्या पोटाकडे बघत राहिली. मला तिथून हलता येईना. संगीता चांगली आहे पण एकटी आहे, आणि तीही माझ्यासारखीच 'अजून दहा मिनिटं' म्हणणारी आहे. तिथे कुणीतरी असं हवं, जे काही करणार नाही, फक्त घड्याळाकडे बघेल आणि वेळ झाली की गाडी काढायला लावेल. सासूने पाय धरले तरी. पाडा हसला तरी. थांबलं की काय होतं, हे ज्याला माहीत आहे असं कुणीतरी.

मी जिवलीकाकूला सांगितलं, माझी मावशी येईल. पौष लागला की येईल आणि सुषमा मोकळी होईपर्यंत तिच्याजवळ राहील. तिने विचारलं, "नक्की?" मी तुझ्या नावाने नक्की म्हटलं.

तुला विचारलं नाही. तू तरी मला कुठे विचारलं होतंस?

उमेशला सांगून ठेवलं आहे. तीस डिसेंबरला सकाळी तो तुझ्या दारात गाडी उभी करेल.

दक्षा